जेरेलचा खरा आकडा

माझा नवरा माणसं पाडायचे पैसे घेतो. आमच्या इमानीने दुसरीत असताना 'माझे वडील' या निबंधात हेच वाक्य लिहिलं आणि तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. मी म्हटलं, बाई, यात चूक काय आहे तेवढं सांगा. त्यांनी वही मिटून ठेवली. त्यांचा स्वतःचा नवरा दर रविवारी जेरेलच्या नावाचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसतो, हे मला ठाऊक होतं.

जेरेल गिलरी, मधला लाइनबॅकर, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा. लोकांना वाटतं, मधल्या लाइनबॅकरने नुसतं जाऊन धडकायचं असतं. धडकणं शेवटी येतं. त्याआधी समोरचे कसे उभे राहिलेत ते बघायचं, त्यांची चाल ओळखायची आणि आपल्या सगळ्यांना ओरडून सांगायचं, तू डावीकडे सरक, तू मागे हो. हे सगळं समोरच्याने चेंडू उचलायच्या आत. जेरेलच्या दुप्पट ताकदीची, हरणासारखी पळणारी पोरं दर उन्हाळ्यात निवडीच्या कॅम्पला यायची आणि बॅगा उचलून घरी जायची. हा टिकला तो डोक्यामुळे. आणि त्याच डोक्याने तो धडकायचा. देवाने ही दोन्ही कामं एकाच अवयवाला का दिली, असं मी एकदा माझ्या सासूला, मिस अर्नेस्टीनला विचारलं होतं. ती म्हणाली, "देवाला मध्ये आणू नकोस. फुटबॉल त्याने काढलेला नाही."

आम्ही दोघं दक्षिणेकडच्या ओपेलूसस गावचे. ड्राफ्टच्या दिवशी, म्हणजे मोठ्या टीम कॉलेजातली पोरं निवडतात त्या दिवशी, अख्खी गल्ली मिस अर्नेस्टीनच्या अंगणात जमली होती, भात-मांस भरलेलं बुदँ सॉसेज उकळत होतं, आणि टीव्हीवर एकेकाचं नाव पुकारलं जात होतं. जेरेलचं नाव कुणीच घेतलं नाही. लोक बुदँ खाऊन, त्याच्या पाठीवर थाप मारून निघून गेले. मग उत्तरेकडच्या एका थंडगार शहरातल्या टीमने त्याला कॅम्पपुरता, मोजणीला माणूस कमी पडू नये म्हणून बोलावला. तिथे कुणाचा तरी गुडघा गेला आणि याला जागा मिळाली. दुसऱ्याच्या गुडघ्यावर आमचा संसार उभा राहिला म्हणा ना. म्हणूनच आपल्या जागी कोण उभा राहील ही धास्ती त्याच्या मनातून कधी गेली नाही.

आता ती पहिली वर्षं आठवली तरी मला थकवा येतो. रविवारी सामना, सोमवारी सकाळी नवरा जिन्यावरून आडवा उतरतोय, एकेक पायरी, कठड्याला धरून. बोटं इतकी वाकडी झालेली की शर्टाची बटणं मी लावायची. मोजे मी चढवायचे. बर्फाच्या टबात बसला की तो दातावर दात वाजवत म्हणायचा, "कॅम, एक वर्ष आणखी." हे तो दर वर्षी म्हणायचा. मी मोजायचं सोडून दिलं होतं.

आणि दर वर्षी जुलैत ती परीक्षा असायची. कॅम्प सुरू होण्याआधी ट्रेनरच्या खोलीत एकेकाला कॉम्प्युटरसमोर बसवतात. पडद्यावर शब्द येतात, आकृत्या येतात, थोड्या वेळाने विचारतात, यातलं आधी काय पाहिलंस? रंग बदलला की बटण दाब. डोकं ठणठणीत असताना किती चालतं त्याचा आकडा निघतो. पुढे सीझनमध्ये डोक्याला मार बसला की तीच परीक्षा परत घेतात. आकडा उतरलेला दिसला की बाहेर बस.

बाहेर बस म्हणजे तुझ्या जागी दुसरा. म्हणून बिग वेन्डेल नावाच्या एका जुन्या खेळाडूने जेरेलला पहिल्याच वर्षी तोड शिकवली होती. आमच्याकडे एकदा झिंग्यांसारख्या क्रॉफिशचं जेवण होतं तेव्हा त्याने सगळ्यांसमोर ती ऐकवली. "शब्द आठवले तरी निम्मे सोडून द्यायचे. बटण दाबायच्या आधी मनातल्या मनात सासूचं पूर्ण नाव घ्यायचं. जुलैतच गाढव ठरलं की नोव्हेंबरात कोण ओळखणार?" सगळे पोट धरून हसले. मी वेन्डेलच्या पुढ्यातलं ताट उचललं. तो म्हणाला, "अगं, माझं झालं नव्हतं!" मी म्हटलं, "झालंय."

जेरेल रात्री म्हणाला, "सगळेच करतात गं." आणि सगळे करतच होते. त्याला नोव्हेंबरात तीनदा, चारदा, देव जाणे कितीदा, डोक्याला मार बसला. दर वेळी त्याची परीक्षा झाली, दर वेळी तो पास झाला आणि दर वेळी पुढच्या रविवारी मैदानात उतरला. बेशुद्धीतून उठलेला माणूस जुलैतल्या सोंगाइतका तरी शहाणा असायचाच.

गेल्या सीझनमध्ये त्याने एका सामन्यात सगळ्यांना डावीकडे सरकवलं आणि समोरचा पोरगा उजवीकडून मोकळ्या रस्त्याने पळून गेला. पेपरवाल्यांनी लिहिलं, वय झालं. टीममधली पोरं त्याला 'आजोबा' म्हणायचीच. मीही म्हटलं, होतं असं. मग जानेवारीत आम्ही घरी आलो आणि एका मंगळवारी मिस अर्नेस्टीन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. पर्स मांडीवर घट्ट धरून.

"जेरेल सकाळी माझ्या दारात गाडी चालू ठेवून बसला होता," ती म्हणाली. "मी विचारलं, काय रे? तर म्हणतो, मॉमा, आवर लवकर, चर्चला उशीर होतोय."

"मंगळवारी कसलं चर्च? गंमत केली असेल."

"टाय लावला होता त्याने, कॅमिल." "माझं पोर दमलंय गं. तू त्याला घरी आण."

घरी आण म्हणे. एवढा मोठा बाप्या, मी काय कडेवर घेऊन आणणार? पण मी त्याला जवळच्या शहरात, लाफायेतला, मेंदूच्या डॉक्टर ब्रूसारबाईंकडे नेलं. तेही गुडघा दाखवायला म्हणून. बाईंनी डोक्याचे फोटो काढले, प्रश्न विचारले, चालायला लावलं. मग म्हणाल्या, "मिस्टर गिलरी, फोटोवरून मला सगळं कळत नाही. तुमची आठवण आज अशी आहे. पण ती मुळात कशी होती? काहींची मुळातच बेताची असते. तुमच्या टीमकडे तरुणपणापासूनचे आकडे असतील ना? तेवढे आणा. मग मी तुम्हाला सांगते, काही गेलंय का आणि किती गेलंय."

जेरेल छताकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे बघत राहिले. बाईंना काही कळेना.

गाडीत बसल्यावर मी तोंड सोडलं. "आण ना आकडे! दहा वर्षांचे आण! सगळ्या वर्षी गाढव! स्वतःचं डोकं किती होतं ते जगात कुणाला ठाऊक नाही, तुलासुद्धा नाही. काय हुशारी केलीस रे!"

"ओरडू नकोस. डोकं दुखतं."

"कुठलं डोकं?"

यावर तो हसला. त्याला हसताना बघून मलाही हसू आलं, आणि मग मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून रडले. तो माझ्या खांद्यावर तो जडशीळ हात ठेवून बसला. मग म्हणाला, "ऐक. टीम आणखी एक वर्ष द्यायला तयार आहे. जुलैत परीक्षा आहेच. यंदा मी खरी देतो."

"त्याने काय होणार?"

"अगं, आजवर मी निम्मं सोडत आलो. खरी दिली तर आकडा छपराला भिडेल. आमच्या ट्रेनरला, हॉलिसला वाटेल, गिलरी प्रोफेसर झाला. मग तर तुझी खात्री पटेल? मी बरा आहे, नुसता दमलोय?"

"आणि नाही भिडला तर?"

"तर घरी येतो. मॉमाच्या अंगणात खुर्ची टाकून बसतो. शब्द देतो." त्याला एवढी खात्री होती की मलाही वाटायला लागली.

जुलैत आम्ही गाडीने उत्तरेला निघालो. लांबचं चालवणं त्याने सोडलं होतं, सगळी वाट मीच चालवली. डोकं स्वच्छ राहावं म्हणून त्याने दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या होत्या, त्यामुळे सीटवर तो दर थोड्या वेळाने कूस बदलत कण्हत होता. मोटेलात लवकर झोपला. सकाळी अंडी खाल्ली, कॉफी एकच घेतली. मी त्याच्या शर्टाची बटणं लावली. तो म्हणाला, "शाळेच्या पहिल्या दिवशी मॉमाने असंच केलं होतं."

हॉलिस हा टीमचा जुना ट्रेनर. जेरेलची बोटं, खांदे, घोटे, सगळं वर्षानुवर्षं त्याच्याच हाताखालून गेलेलं. बायकांना आत सोडत नाहीत, पण त्याने मला बाहेरच्या बाकावर बसू दिलं. "मिस कॅमिल, पोर पहिल्यांदाच परीक्षेला बसतंय असं तोंड का केलंय?" मी म्हटलं, तुझं काम कर. आत दार लागलं. बाहेर पोरांची ये-जा चालली होती, कोवळी, चकचकीत, मान वळवताना ज्यांना कुठे दुखत नाही अशी. त्यांतलं एक मला बघून म्हणालं, "आजोबा कुठायत, आँटी?" मी बंद दाराकडे बोट दाखवलं.

जेरेल बाहेर आला तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. तो बाकावर टेकला तसा बाक करकरला.

"दिली?"

"दिली. एकसुद्धा शब्द मुद्दाम सोडला नाही, कॅम. मॉमाची शपथ."

"कशी गेली?"

"मस्त गेली गं." त्याने गुडघे चोळले. "मध्ये जरा आकृत्या आल्या तेव्हा... पण मस्त गेली."

तेवढ्यात हॉलिस हात चोळत बाहेर आला. इतका खुशीत मी त्याला क्वचितच पाहिला असेल. "मिस कॅमिल, तुमच्या या गड्याला काचेच्या कपाटात ठेवा! आधीच्या सगळ्या वर्षांशी ताडून बघितलं. तेच! तंतोतंत तेच. एका केसाचा फरक नाही. पंचविशीतली पोरं घसरतात आणि हा होता तिथेच उभा. जा, वर जा, कोच कराराच्या सहीसाठी थांबलाय."

हॉलिस हसत होता म्हणून जेरेलही हसत होता. मग ते हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे बदलले. तो हिशेब त्याने एकट्याने केला, मला काही सांगावं लागलं नाही.

"परत सांग," तो म्हणाला.

"अरे, तेच! पहिल्या वर्षीचा गिलरी आणि आजचा गिलरी, सख्खे जुळे भाऊ!"

जेरेलने माझ्याकडे पाहिलं. त्या कॉरिडॉरमध्ये हे काय झालंय ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. जिना समोर होता. वर जाऊन सही केली असती तर कुणी विचारणारं नव्हतं. मला भीती वाटत होती, आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी. तो वर जाईल ही एक भीती. आणि गेला नाही तर हे खरं ठरेल, ही दुसरी.

"हॉलिस," तो म्हणाला, "दर वर्षी मी ती मुद्दाम बिघडवायचो."

हॉलिस खो खो हसला. "मग? सगळेच बिघडवतात, मला काय ठाऊक नाही? वेन्डेलचा क्लास ना तो..." आणि तो थांबला. त्याने हातातला कागद एकदा पाहिला, मग जेरेलकडे पाहिलं. "यंदा?"

"यंदा नाही."

"जेरेल, अरे यंदापण थोडीफार..."

"यंदा जीव तोडून दिली रे," माझा नवरा म्हणाला. "याहून जास्त मला आलं नाही."

हॉलिस त्याच्या शेजारी बाकावर बसला. त्याने जेरेलचा हात हातात घेतला आणि इतकी वर्षं तो टेप गुंडाळताना करायचा तसं एकेक वाकडं बोट दाबत राहिला. वरून कुणीतरी गिलरीच्या नावाने हाक मारली. हॉलिस पुढचं बोट दाबायला लागला.

"कॅम," जेरेल म्हणाला, "गाडी आपण कुठे लावली?"

मी म्हटलं, "मला माहीत आहे. चल."