एकदाच चमकणारा फ्लॅश

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी दुकानदाराने तिसरा फ्लॅश काउंटरच्या काचेवर ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. थोरली सव्वातीनपासून तिथे उभी होती.

"ताई, तीनच आहेत. चौथा काही मी आता जन्माला घालू शकत नाही."

तिन्ही मुठीपेक्षा थोडे मोठे, काळे, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचे. तिन्हींचीही मान वर वळत होती, म्हणजे उजेड माणसाच्या तोंडावर न टाकता छताकडे टाकता येणार होता. थोरलीची पहिली अट तीच होती. पहिला मोठ्या कंपनीचा, त्यात सगळ्या सोयी, पण वापरलेला असूनही तिचा निम्मा पगार मागणारा. दुसरा नवा, कुणी फारसं नाव न ऐकलेल्या कंपनीचा. उजेड किती हवा ते तो कॅमेऱ्याशी बोलून स्वतःच ठरवायचा, माणसाने फक्त कळ दाबायची. तिसरा सगळ्यांत स्वस्त. त्याला स्वतःचं डोकं नव्हतं. पाठीमागच्या बटणांनी सांगाल तेवढा उजेड तो फेकणार.

"काम काय आहे तेवढं सांगा," दुकानदार म्हणाला.

"वडिलांचा फोटो काढायचाय. एक."

"एका फोटोसाठी फ्लॅश विकत घेताय? स्टुडिओत घेऊन जा की."

"नेलं होतं. सात फोटो काढले. सातही वेळा त्यांनी डोळे मिटले. शेवटी फोटोग्राफर म्हणाला, काका, झोप झाली की या."

दुकानदार हसला. थोरली हसली नाही, तेव्हा त्याने हसू आवरलं.

थोरली नकाशांच्या कचेरीत नोकरीला होती. जीर्ण झालेले नकाशे टेबलावर पसरून कॅमेऱ्याने टिपून ठेवायचे, हे तिचं काम. बारा वर्षांत तिने एकदाही फ्लॅश वापरला नव्हता. जुन्या कागदावर फ्लॅश मारायचा नाही, हा तिथला पहिला नियम. त्यामुळे कॅमेऱ्यातलं खडान्‌खडा माहीत असलेली ही बाई फ्लॅशपुढे मात्र अडाणी होती, आणि ते तिला मुळीच रुचत नव्हतं.

गुरुवारी सकाळी बाबांचा डावा डोळा काढायचा होता. आत गाठ होती. डॉक्टरांनी दोन महिने वाट पाहिली आणि मग वाट पाहणं बंद केलं. नंतर तिथे कृत्रिम डोळा बसणार होता. तो घडवणाऱ्या कारागिराने गेल्या आठवड्यात एवढंच मागितलं होतं: दोन्ही डोळे उघडे असलेला, समोरून काढलेला, मोठा, स्वच्छ फोटो. रंग उजव्या डोळ्यावरून जुळवता येतो, पण पापणी किती उघडी राहते, बुबुळाचा किती भाग दिसतो, हे त्याला डाव्याचंच बघायचं होतं. दोन्ही पापण्या सारख्या नसतात, म्हणाला. आणि हॉस्पिटलात काढलेला फोटो नको, तिथे डोळ्यांत थेंब घातलेले असतात.

घरात चार अल्बम होते. चौघांनी मिळून शनिवारी ते पालथे घातले. बाबा सगळीकडे होते. लग्नात, बाळाला मांडीवर घेऊन, सहलीच्या बसपाशी, निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार घालून. सगळीकडे हनुवटी जराशी खाली आणि डोळे मिटलेले.

"ध्यानस्थ मुनी आहेत आमचे," धाकटी म्हणाली होती.

"एकतीस वर्षं या माणसाबरोबर फोटो काढतेय मी," आई म्हणाली, "आणि मला वाटायचं, कॅमेरेच वाईट."

ओळखपत्रावर डोळे उघडे होते, पण तो फोटो अंगठ्याच्या नखाएवढा, आणि त्यातले बाबा नुकतेच चोरी करताना सापडल्यासारखे. थोरलीने खिडकीपाशी बसवून पाहिलं. उजेडात डावा डोळा पाण्याने भरायचा आणि दोन्ही बारीक व्हायचे. पडदे ओढून कमी उजेडात फोटो काढावा, तर बाबांची मान थोडी हलते, फोटो पुसट. फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागात येऊन जातो, त्यात हलती मानही स्थिर दिसते. डॉक्टरांना विचारलं. छतावरून येऊ दे, डोळ्यांवर नको, म्हणाले.

"मधला घ्या," दुकानदाराने शेवटी सांगितलं. "स्वस्तातला घ्याल आणि उजेडाचा अंदाज चुकवत बसाल. हा चुकत नाही. नाहीच जमलं तर उद्या दुपारपर्यंत आणा, बदलून देतो."

थोरलीने मधला घेतला.

संध्याकाळी सहाला पुढच्या खोलीत बाबा खुर्चीवर बसले. छत पांढरं आणि हाताला लागेल एवढं खाली, हे थोरलीने आधीच पाहून ठेवलं होतं. तिने फ्लॅशची मान वर वळवली.

"बाबा, मी तीन म्हणेन तेव्हा."

"उघडेच ठेवतो गं. लहान आहे का मी?"

पहिला फोटो. मिटलेले. दुसरा. मिटलेले. धाकटीने एकदा त्यांच्यामागे उभं राहून खरोखरच बोटांनी पापण्या धरून पाहिल्या. त्या फोटोत बाबा असे दिसले, की आईने तो ताबडतोब पुसायला लावला. अकरा फोटो झाले. उजेड प्रत्येकात अगदी नेमका होता. दुकानदार खोटं बोलला नव्हता.

"मी मिटतच नाही," बाबा चिडून म्हणाले. "ते बारीक चमकतं ना, तेव्हाच काय ते मिटत असतील."

"कुठलं बारीक?"

"आधी एक बारीक चमकतं. मग मोठं."

थोरलीने कॅमेरा खाली घेतला. "एकदाच चमकतं बाबा."

"दोनदा."

"आई, तुला किती दिसलं?"

"मला एकच. पण मी टीव्हीकडे बघत होते."

"दोनदा चमकतं," बाबा म्हणाले, आता चिडून नाही. ज्या गोष्टीतलं आपल्याला कळतं, तिच्याबद्दल माणूस बोलतो तसं. "ठिणगी आधी पडते. मग जाळ धरतो. या दोन्हींच्या मध्ये जो डोळे उघडे ठेवतो, तो रात्रभर डोळ्यांत वाळू घातल्यासारखा तळमळतो. पोरगा असताना एकदा केलंय ते. पुन्हा नाही."

बाबा वेल्डर होते. चाळीस वर्षं बॉयलरच्या कारखान्यात. तिथे त्यांना सगळे 'ठिणगी' म्हणायचे, आणि निवृत्तीनंतरही रस्त्यात भेटणारे तसंच हाक मारतात. डोक्यावर टेकवलेला मुखवटा ते हाताने कधी ओढत नसत, कारण दोन्ही हात कामात. मानेचा एक झटका द्यायचा, तो आपोआप तोंडावर पडतो, आणि त्याच झटक्यात डोळे मिटतात. दिवसातून शेकडो वेळा. थोरलीने उठून अल्बम आणला आणि निवृत्तीचा फोटो पुन्हा पाहिला. हनुवटी खाली. लग्नातल्यातही. सहलीतल्यातही. माणूस ध्यानाला बसला नव्हता. प्रत्येक फोटोत तो मुखवटा पाडत होता.

बुधवारी दुपारी एकच्या आत ती पुन्हा दुकानात होती.

"मला एकदाच चमकणारा हवा."

दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"वडिलांनी. त्यांना दोन दिसतात."

"दिसत नाहीत हो कुणाला ते. खूप जवळ असतात दोन्ही." तो थांबला. "पण असतात, हे खरं. हा आधी एक बारका झोत टाकतो, उजेड किती परत येतो ते मोजतो, मग मोठा टाकतो. म्हणून तर चुकत नाही. काय करतात वडील?"

"वेल्डिंग करायचे."

"हं," दुकानदार म्हणाला, आणि काही न विचारता स्वस्तातला पुढे सरकवला. "याला मोजता येत नाही. म्हणून एकदाच चमकतो. महागड्यात दोन्ही सोयी आहेत, पण तुम्हाला हवी ती यातही आहे. उजेड मात्र तुमचा तुम्ही ठरवायचा. छताकडे वळवलात की चौथ्या हिश्श्याने सुरुवात करा, कमी वाटला तर वाढवा."

ठरवणं तिच्या अंगवळणी होतं. घरी तिने कॅमेरा तिपाईवर बसवला, बाबांच्या खुर्चीवर आधी उशी ठेवली, मग उशीच्या जागी धाकटी. नवव्या फोटोला कपाळावरची चमक गेली आणि बुबुळाच्या रेषा मोजता येतील इतक्या दिसल्या. तिने आकडे कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पट्ट्याला चिकटवले आणि बाबांना बोलावलं.

पहिल्या फोटोत डोळे मिटलेले.

"आता तर एकच चमकला!" धाकटी म्हणाली.

"ती तीन म्हणते ना," बाबा म्हणाले. "तीन म्हटलं की मान आपोआप जाते. आकडे कशाला मोजायचे?"

मोजणं बंद झालं. तरी दोन फोटोंत ते वाट बघत होते आणि वाट बघतानाच डोळे बारीक झाले. थोरली खुर्ची ओढून समोर बसली. कॅमेरा तिने तिपाईवरच राहू दिला, बोट मात्र कळीवर.

"बाबा, जोड झाला की मग काय करायचात?"

"मग काय. थांबायचं. लाल उतरू द्यायचं."

"आणि मग?"

"मग मुखवटा वर. आणि बघायचं, धरलाय का नीट, का कुठे भोक राहिलंय."

"कसा वर?"

"कसा म्हणजे? असा." बाबांनी डावा हात कपाळापाशी नेला, नसलेली कड चिमटीत धरून वर उचलली आणि हात बाजूला घेत समोर पाहिलं.

खोली एकदा पांढरी झाली.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर हनुवटी वर होती. दोन्ही डोळे उघडे, पूर्ण, ओले नसलेले. डाव्या पापणीच्या कोपऱ्यात एक बारीक आडवी खूण होती, ती थोरलीला आजवर माहीत नव्हती. चौघे पडद्यावर वाकले. कुणी विनोद केला नाही.

"दोन्ही आहेत?" बाबांनी विचारलं. चष्म्याशिवाय त्यांना एवढं लहान दिसत नव्हतं.

"दोन्ही."

"मग ठेव आता ते. जेवायला वाढा."

गुरुवारी सकाळी सात वीसला बाबांना आत नेलं. दारापाशी त्यांनी थोरलीला एवढंच विचारलं, की फ्लॅश परत करता येतो का. ती म्हणाली, नाही, आणि करायचाही नाही. आठ चाळीसला तिने कारागिराला फोटो पाठवला. नऊ वाजून पाच मिनिटांनी त्याचा निरोप आला: फोटो उत्तम आहे. एकच शंका. पापणी रोज इतकी वर असते, की फोटोपुरती? त्यावर सगळं माप ठरेल, तेव्हा नक्की कळवा.

थोरलीने निरोप मोठ्याने वाचला.

"इतके मोठे डोळे करून हे घरात कधी बघत नाहीत," आई म्हणाली. "याच्याहून कमी. पेपर वाचताना असतात तसे."

"हेच बाबांचे डोळे," धाकटी म्हणाली. "नाहीतर कुठले?"

"एकतीस वर्षं कोण बघतंय, तू का मी?"

"अगं, पण दिवसभर ते कारखान्यात होते. तिथे कोण बघत होतं?"

पदराचं टोक बोटाला गुंडाळत आई बंद दाराकडे बघत राहिली.

थोरलीने उत्तर लिहायला घेतलं, 'रोज' एवढा शब्द लिहिला, आणि पुसला. मग बाबांच्या कारखान्यातल्या जुन्या जोडीदाराला फोन लावला. रिंग पूर्ण वाजली, कुणी उचलला नाही.

नऊ पस्तीसपर्यंत ऑपरेशनच्या खोलीवरचा लाल दिवा चालू होता आणि कारागिराला उत्तर गेलेलं नव्हतं.