नवसाचा हौद

सरोजिनीबाई मानकरांचा हौद आणि त्यांचं तोंड, दोन्ही सारखीच स्वच्छ, असं वाडीत म्हणत आणि दोन्हींपासून चार हात लांब राहत. गिरगावात मुगभाटाच्या मागच्या अंगाला त्यांचं जुनं बैठं घर होतं आणि घरामागच्या परसात हा दगडी हौद, कमरेएवढ्या पाण्याचा. त्यात तांबडे-सोनेरी मासे. तीन बाजूंनी चाळींच्या गॅलऱ्या, त्यामुळे बाई परसात शिंकल्या तरी शंभर माणसांना कळे.

मानकरांकडे मासळीवाचून घास उतरत नसे. पण हौदातल्या माशांना कुणी नुसतं 'मासळी' म्हटलं की बाईंच्या कपाळावर आठी पडे. ती निराळी आणि ही निराळी. यजमान हयात असताना एकदा म्हणाले होते, "माझ्यापेक्षा तू माशांकडे जास्त बघतेस." बाई म्हणाल्या होत्या, "ते उलट बोलत नाहीत."

शेवाळ मात्र त्यांचं जन्माचं वैरी. मासे तिथल्या तिथे फस्त करतील एवढंच खाणं टाकायचं. ऊन पडू नये म्हणून हौदावर आडवं किंतान बांधायचं. भिंती काथ्याने घासायच्या. नळाचं पाणी दिवसभर पिंपात ठेवून मगच हौदात सोडायचं. या नेमात खंड नव्हता. एकादशीला बायका पिठाच्या गोळ्या घेऊन यायच्या, माशांना घातल्या की पुण्य लागतं म्हणून. बाई त्यांना दारातूनच वाटेला लावायच्या. "तुमचं पुण्य सडतं आणि माझा हौद हिरवा होतो. देवाला लाच द्यायची असेल तर देवळात जाऊन द्या."

सन छप्पन्नच्या जानेवारीत मुंबई पेटली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांवर रस्त्यारस्त्यात गोळ्या चालल्या, कर्फ्यू लागला. बाई तेव्हा माटुंग्याला बहिणीकडे गेल्या होत्या त्या तिथेच अडकल्या. कर्फ्यू जरा सैल झाला त्या सकाळी त्या घरी पोचल्या आणि वहाणासुद्धा न काढता थेट परसात गेल्या. इतक्या दिवसांत माशांना कुणी काय घातलं असेल याचीच धास्ती होती.

पाणी काचेसारखं होतं. आणि तळाशी, मेणकापडात गुंडाळून सुंभाने आवळलेलं, एक काळं बोचकं पडलं होतं.

"उर्मिले!"

उर्मिला बाईंची एकुलती एक मुलगी, मुलींच्या शाळेत शिकवणारी. ती बाहेर आली आणि आईने काही विचारायच्या आतच हळू आवाजात म्हणाली, "ओरडू नकोस. सायक्लोस्टाईलचं यंत्र आहे. चळवळीची पत्रकं त्यावर काढतो आम्ही."

"कुठे काढता?"

"आपल्या माळ्यावर."

"म्हणजे ती खुडखुड उंदरांची नव्हती तर! आणि मी मेली पिंजरे लावत बसले होते."

उर्मिला हसली नाही. "आई, पत्रकांचा गठ्ठा पोचवताना बंडूला धरलंय. आपल्या दुर्गेच्या बंडूला. पत्रकं कुठे छापलीत ते विचारतायत. मारतायत त्याला. अजून तो बोलला नाही."

बाई हौदाच्या कठड्यावर बसल्या. दुर्गा त्यांच्याकडे धुणीभांडी करायची. मालवणाकडची विधवा बाई, बंडू तिचा एकुलता. काल दुर्गेने बाईंना माटुंग्याला टेलिफोनवर निरोप धाडला होता की पोर चौकीत आहे, काकू, कुणाला तरी सांगा. बाईंना वाटलं होतं, पोर दगडबिगड मारायला गेलं असेल. त्याच्या तोंडात आपल्या मुलीचं नाव अडकलंय, हे त्यांना आत्ता कळत होतं.

"काढ ते बाहेर. आत्ताच्या आत्ता."

"काढून नेऊ कुठे? वाडीच्या तोंडाशी साध्या कपड्यांतला पोलीस बसलाय. हातातली पिशवीसुद्धा उघडून बघतो. पलीकडच्या वाडीत झडती झाली, आता आपली पाळी."

बाईंनी वर पाहिलं. गॅलऱ्यांत दात घासणारे, कपडे वाळत घालणारे, नुसतेच उभे असलेले. किंतानाच्या सावलीमुळे वरून तळ दिसत नव्हता एवढंच नशीब. पण जो कुणी हौदापाशी येईल त्याला ते बोचकं दिसलंच असतं. आयुष्यभर ज्या नितळ पाण्याचा तोरा मिरवला तेच आज गळ्याशी आलं होतं.

पाणी गढूळ करायला हवं होतं, आणि ते कसं करायचं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. जे जे आजवर होऊ दिलं नाही, ते ते करायचं. त्यांनी बोचक्यावरचा कोपरा झाकलेला ठेवून बाकीचं किंतान सोडलं. ऊन थेट पाण्यावर पडलं आणि मासे दचकून कोपऱ्यात गेले. गल्लीच्या टोकाच्या गोठ्यातून त्यांनी तुळशीच्या नावाने शेण आणवलं, भाताच्या पेजेत कालवलं आणि पदराआडून हौदात ओतलं. त्या वेळी त्यांचे डोळे भरून आले, आणि कधी नव्हे ते त्यांनी पुसलेही नाहीत.

पाणी आधी गढुळलं, मग पिवळट झालं, मग भिंतींना बुळबुळीत हिरवा लेप चढला. आठवडा सरता सरता हौदात हिरव्या चिखलाशिवाय काही दिसेना. सकाळी मासे वर येऊन तोंड उघडत, मिटत. बाई खिडकी लावून घेत. पिंपात नेऊन सोडावे असं हजारदा मनात आलं, पण मासे काढले म्हणजे हौद आता धुणार, असंच वाडी समजली असती आणि मदतीला धावली असती.

वाडीत मात्र कुजबुज सुरू झाली. सरोजिनीकाकूंच्या हौदाला शेवाळ? म्हणजे काकूंनी अंथरूण धरलं असणार. डोक्यावर परिणाम झाला असणार. बाईंना वाटत होतं आपण सगळ्या बाजू बांधल्या. पण वाडीतल्या माणसांच्या चांगुलपणाचा बंदोबस्त करायचा राहून गेला होता.

एके दिवशी दुपारी बाई आमटीला फोडणी देत होत्या. परसात बादल्यांचा आवाज झाला. बाहेर येऊन बघतात तो समोरच्या चाळीचे शामराव धोतर खोचून हौदाशी उभे, बरोबर चार बायका, दोन बाप्ये, खराटे, काथ्या. दहाबारा बादल्या उपसूनही झाल्या होत्या. पाणी वीतभर खाली गेलं होतं.

"काकू, तुम्ही नुसत्या बसा," शामराव म्हणाले. "इतकी वर्षं तुम्ही राखलात, आज वाडी धुणार. आजारपण काय सांगून येतं?"

"कोण आजारी आहे? ठेवा त्या बादल्या खाली!"

"असंच म्हणणार तुम्ही, ठाऊक होतं आम्हाला," शामराव हसले आणि पुढची बादली भरली.

इतक्यात पुढच्या दारी बूट वाजले. उर्मिलेचा आवाज आला, जरा जास्तच मोठ्याने, "या ना, या. घर तुमचंच आहे." फौजदार आणि त्याच्याबरोबर हवालदार कोंडीराम. फौजदाराने माळा पाहिला, कपाटं पाहिली, धान्याच्या डब्यांत हात घातले. शाईचा वास जावा म्हणून माळा उर्मिलेने फिनेलने धुतला होता, त्याच वासाने तो नाक मुरडत परसात आला.

"काय चाललंय?"

"हौद उपसतोय साहेब," शामराव कौतुकाने म्हणाले. "काकूंना बरं नाही."

फौजदाराने हिरव्या पाण्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाई अंगाने धडधाकट, हातात पळी. "उपसा की," तो सावकाश म्हणाला. "पुरता उपसा. तळाला काय आहे ते आम्हीही बघू."

शामरावांना दुप्पट जोर चढला. बादली बुडत होती, वर येत होती, मोरीत रिकामी होत होती. शेवाळाचा तवंग हळूहळू खाली सरकत होता. ते बोचकं कुठे आहे हे बाईंना डोळे मिटूनही दाखवता आलं असतं. उर्मिला दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आणखी पाचसात बादल्या, की सुंभाची गाठ वर दिसणार होती. पोरीला केसाला धरून चौकीत नेणार होते, आणि बंडूने खाल्लेला मार फुकट जाणार होता.

"थांबा!" बाई ओरडल्या. "हात लावू नका त्याला. नवसाचा हौद आहे तो!"

सगळे वळून बाईंकडे बघायला लागले. सरोजिनीकाकू आणि नवस?

"मी नवस बोललेय," बाई म्हणाल्या. आता मागे फिरणं नव्हतं. "वाडीतला पोरगा तुरुंगातून सुटून येईस्तोवर या हौदाला, पाण्याला, माशाला, कशालाच हात लावायचा नाही. मी नाही आणि दुसऱ्या कुणीही नाही. माझी सर्वांत लाडकी वस्तू ती. तीच ठेवलीय."

शामरावांच्या हातातली बादली आपोआप खाली आली. बायकांनी भराभर हात जोडले. वाडीतली माणसं एकवेळ सरकारचा हुकूम मोडतील, पण दुसऱ्याचा नवस मोडायची कुणाची छाती नव्हती.

फौजदार मात्र जागचा हलला नाही. "कोणता पोरगा?"

"बंडू. दुर्गेचा."

ते नाव ऐकून त्याचे डोळे बारीक झाले. "असं का? नवस बरा सोयीचा निघाला. कोंडीराम, उतर हौदात."

कोंडीरामने बूट काढायला पाय उचलला आणि तसाच ठेवला. "सायेब, नवसाचं पानी हाय. दुसरं काय बी सांगा."

"उतर म्हणतो ना!"

खरकटी भांडी घेऊन मोरीपाशी बसलेली दुर्गा तेव्हा उठली. हात राखेने माखलेले. ती हौद आणि हवालदार यांच्या मधे येऊन कठड्याला पाठ लावून उभी राहिली. ही बाई आजवर कुणापुढे मान वर करून बोलली नव्हती.

"माझ्या झिलाचो नवस आसा ह्यो," ती म्हणाली. "हात लावशात तर आधी माका मारूक लागतला."

तिचा आवाज वर गॅलऱ्यांपर्यंत गेला. एकेक दार उघडलं. माणसं बाहेर आली, कठड्यांना टेकली आणि खाली बघत राहिली. गेल्या आठवड्यात याच गल्लीतून दोन तिरड्या गेल्या होत्या. फौजदाराने वर पाहिलं, तिन्ही बाजूंना पाहिलं. एका माशांच्या हौदावरून पुन्हा दंगल झाली तर वर जाब कोण देणार, हा हिशेब त्याच्या तोंडावर उमटलेला बाईंनी वाचला.

"डास होतील या पाण्यात," तो म्हणाला. "म्युन्सिपालिटीला कळवावं लागेल." आणि टोपी सारखी करत निघून गेला.

वाडीच्या तोंडाशी बसणारा माणूसही पुढे दोन दिवसांत दिसेनासा झाला. भर दुपारी गॅलऱ्या पेंगत असताना उर्मिलेने सुंभाला गळ अडकवून बोचकं वर ओढलं आणि ते मळक्या चादरींच्या गाठोड्यातून लालबागला कुणाकडे तरी गेलं. तिने बाहेरून आल्या आल्या पदर खोचला आणि काथ्या हातात घेतला.

"सुटलो, आई. आता मासे पिंपात घेते. निम्मे तरी वाचतील."

"ठेव तो काथ्या."

"अगं, आता कुणाची भीती? नवस तर तू थाप मारलीस."

"थाप मी मारली," सरोजिनीबाई म्हणाल्या, "पण ती खरी मानून दुर्गा मधे उभी राहिली. तिच्या पोराने तोंड मिटून ठेवलंय म्हणून तू इथे उभी आहेस. उद्या तिने हौद धुतलेला बघितला तर काय समजेल ती? काकूंनी माझ्या बंडूवर पाणी सोडलं?"

"पण मासे मरतायत!"

"दिसतंय मला."

संध्याकाळी दुर्गा कामाला आली ती निरांजन घेऊनच. कठड्यावर ते ठेवून तिने बाईंचे पाय धरले. मोठ्या घरच्या बाईने आपल्या पोरासाठी एवढं मोलाचं काही ठेवलंय, यावर तिचा अजून विश्वास बसत नव्हता. बाईंना तिला उठवायचं होतं, सगळं सांगून टाकायचं होतं. माझी मुलगी वाचली ती तुझ्या बंडूच्या पाठीवरच्या वळांनी, नवसाने नव्हे. पण त्यांनी नुसतं निरांजन वाऱ्यापासून आत सरकवलं.

तेवढ्यात शेवाळातून एक मासा आडवा होऊन वर आला. तांबडा, सगळ्यांत थोराड. दुर्गेने तोंडावर हात नेला.

"काकूनु, मासो मेलो. अपशकून तर नाय ना? येतलो ना माझो बंडू?"

बाईंच्या नजरेसमोर त्या तांबड्या माशाचं पांढरं पोट वर आलं, पुन्हा बुडालं.

"अपशकून कसला?" त्या म्हणाल्या. "दिलेलं पोचतंय, दुसरं काय. येईल तुझा बंडू. जा, भांडी घास."

दुर्गा डोळे पुसत आत गेली. सरोजिनीबाई तिथेच कठड्यावर बसून राहिल्या. जन्मात त्यांनी देवाकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे कुणाला हाक मारायची तेही त्यांना नीट सुचेना. मग त्यांनी कुणाचंच नाव न घेता हात जोडले आणि उरलेले सगळे मासे घे पण तेवढा पोरगा परत दे, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.