शोभाची वेगळी शेगडी

दापोऱ्यात केळीच्या मळ्यावरून पुरुष जेवायला येत ते दोनला. बायका त्यांच्यानंतर. शोभाला शुगरसाठी इन्सुलिन सुरू झालं तेव्हा बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "सुई घेतली की अर्ध्या तासात जेवायचं. डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरायला लागलंय. हयगय केली तर दिसणं जाईल."

हे ऐकून मोठ्या जावेनं, मंगलानं, भाताचं पातेलं आपटलं. "माणसं उपाशी अन् ही राणी आधी गिळणार?"

शोभा गुमान थांबत राहिली. एका दुपारी सुई घेऊन झाली, पुरुषांना मात्र उशीर झाला. शोभा घामाघूम होऊन पिठाच्या परातीवरच कोसळली. डोळे उघडले तेव्हा शेजारीण तिच्या ओठांना साखर चोळत होती आणि मंगला म्हणत होती, "नाटकं! कामाच्या वेळेलेच बरी चक्कर येते."

दुसऱ्या दिवशी शोभानं मागच्या पडवीत गॅसची छोटी शेगडी मांडली. आपली भाजी, आपली भाकरी, जेवण वेळेवर. संध्याकाळी ती बांधाबांधानं चालायला जाऊ लागली.

"लोकं म्हणतात, भूपेंद्रची बायको वेगळी झाली," नवरा चिडला. "मी तोंड कुठं दाखवू?"

"मले दिसेनासं झालं तर कोणाचं तोंड पाहू मी?"

मंगलाच्या मुलीच्या साखरपुड्याला पाहुण्यांनी ओसरी भरली होती. मंगलानं सगळ्यांदेखत मावा जिलेबीची ताटली शोभापुढे धरली. "नाही म्हणशील तर माझ्या पोरीचं वाईट चिंतते असं समजेन."

"पोरीले माझा आशीर्वाद हाये, ताई. जिलेबी नको."

मंगलानं ताटली तिच्या पायांशी फेकली. पाक शोभाच्या साडीवर उडाला. घरातलं कोणी जागचं हललं नाही.

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त थांबलंय. शुगरही उतरली. औषधानं एकट्यानं हे होत नाही, तुम्ही सांभाळलंत."

शोभानं घरी येऊन ते सांगितलं. भूपेंद्र मोबाइल बघत राहिला. मंगला म्हणाली, "डोळे वाचवले अन् घर मोडलं."

"घर जागेवर हाये, ताई. तुमचा हुकूम तेवढा मोडला."

त्या दिवसापासून मंगलानं तिच्याशी बोलणं टाकलं. शोभाला त्याचं फारसं दुःख झालं नाही. घरातल्या एकानं तरी 'बरं झालं' म्हणायला हवं होतं, एवढंच तिला लागून राहिलं.