सुनीतीची तांबडी भिंत

परशुरामाचं लग्न झालं ते वर्ष १९८६. वैशाखात सुनीती वालावलच्या घरी सून म्हणून आली आणि आषाढात तिचे सासरे अर्धांगवायूने खाटेला खिळले. दोन्ही गोष्टी इतक्या लागून आल्या की लोकांनी त्या एकत्रच शिवून टाकल्या. विहिरीवर चार बायका जमल्या की बोलणं सुनीतीच्या पायगुणावर येई, आणि तिची सासू हौसाबाई दिसली की थांबे.

हौसाबाईला ते थांबणं ओळखीचं होतं. ती लग्न होऊन आली त्या साली गोठ्यातले दोन बैल मेले होते. पुढची बारा वर्षं भावकीत कुणी तिला नव्या नवरीची ओटी भरू दिली नव्हती.

तिचा नवरा गंगाराम. वाडी त्याला भाई म्हणे. चतुर्थीआधी घरं सारवायची, भिंती रंगवायच्या आणि गणपतीच्या मागच्या भिंतीवर चित्र काढायचं, हा आमच्याकडचा दरवर्षीचा उद्योग. भावकीच्या अकरा घरांतल्या भिंती भाईच करीत. खाडीतल्या शिंपल्यांचा चुना, त्यात नीळ, आणि त्या निळ्यावर मोर नाहीतर कमळं. निळ्याच्या जोडीला दरवर्षी एक नवा रंग ते काढीत. एका साली पिवडी, एका साली पानांचा हिरवा. त्यांनी स्वतःच्या घरी जो लावला तो त्या साली सगळ्या वाडीत चाले.

या साली भाई पडून होते, आणि हौसाबाईचा चुलत दीर दत्ताराम मुंबईहून पोपटी ऑइलपेंटचे डबे घेऊन आला. मुंबईत म्हणे आता हाच रंग चालतो. बघता बघता दहा घरं पोपटी झाली.

"मातयेची भिंत, त्यात पावसाची ओल," भाई वाकड्या तोंडाने म्हणाले. "फुगतली."

सुनीतीचं माहेर पिंगुळीजवळचं. चित्रकथीची चित्रं बघत ती लहानाची मोठी झाली होती. तिने खाटेजवळ येऊन विचारलं, "बाबा, सगळ्या भिंतीक काव लावू? तांबडी करू?"

भाई म्हणाले, "लाय. पण काळो रंग काजळीचो घे. कोळशाचो हाताक लागता."

माजघरालगतच्या खोलीचं दार उघडं ठेवून ते आठ दिवस तिचं काम बघत होते. तांबड्या भिंतीवर मोठ्या डोळ्यांची, एका बाजूला तोंड केलेली माणसं उभी राहिली. माडाच्या कोवळ्या पातींचे पोपट विणून सुनीतीने ते गणपतीच्या डोक्यावर छताला बांधलेल्या माटवीला, रानफळांच्या मधेमधे टांगले.

दत्तारामाची बायको अक्का बघायला आली. दारातूनच म्हणाली, "ह्या घराची भिंत निळी. माणूस खाटेर आसताना रंग बदलतत?"

"रंगान कोण मरणा नाय, अक्का," हौसाबाई म्हणाली.

"मी खंय म्हणतंय? लोक म्हणतत."

त्या दिवसापासून हौसाबाईची झोप उडाली. भाईंची छाती घरघरू लागली होती. चतुर्थीआधी ते गेले तर सुतक अकरा घरांना लागणार, गणपती कुणाच्याच घरी बसणार नाही. आणि बसल्यावर गेले तर परक्या माणसाला बोलावून तो अर्ध्यावर उचलावा लागणार. दोन्हीकडून बोल येणार तो सुनीतीवर. पोरीने रंग बदलला नि माणूस खाल्ला, हे मग तिच्या नातवंडांनाही ऐकावं लागलं असतं.

दत्ताराम सकाळ-संध्याकाळ डोकावे.

"वैनी, भाई कसो आसा?"

"पेज घेतली."

"किती घेतली?"

"तुज्यापेक्षा कमी."

तो हसे, पण जाताना एकदा खाटेकडे नजर टाकून जाई. त्याच्याही घरी आरास पुरी झाली होती.

चतुर्थी पार पडली. गणपती तांबड्या भिंतीपुढे बसला आणि माणसं पोपटी घरांतून उठून ती भिंत बघायला आली. दीड दिवसाचा गणपती. आता फक्त पंचमीची संध्याकाळ गाठायची होती.

पंचमीला दुपारी ऋषीची भाजी खाऊन घर आडवं झालं. हौसाबाई पेज घेऊन खोलीत गेली. चमचाभर पेज तोंडात घातली ती ओठाच्या कडेने तशीच बाहेर आली. तिने छातीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग त्यांचे डोळे मिटले, पाय सरळ केले, मानेपर्यंत चादर ओढली आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं.

ती उंबऱ्यावर बसली. रडू आलं ते तिने पदर तोंडात धरून गिळलं. मुंबईत कुणी गेलं की गावातलं सुतक पत्र पोचल्यापासून धरीत. तोवर घरं सोवळीच असत. पत्र अजून वाटेत आहे, असं तिने धरलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना दोष नाही. दोष तिचा एकटीचा, आणि तिने ठरवलं की देवाच्या कशालाही आपला हात लावायचा नाही.

सुनीती आली. "आये, बाबांका मोदक व्हरू?"

"आत्ताच डोळो लागलो तेंचो. मागीर."

"दार कित्याक लावलास?"

"वारो येता. तू उत्तरपूजेचा बघ."

पाच वाजता भावकी जमली. दत्ताराम झांजा घेऊन आला आणि सरळ खोलीकडे वळला.

"दार उघड, वैनी. भाईक आरती दिसांदे."

"थंडी वाजता तेंका."

"भादव्यात?"

"ताप आसा. झोपांदे रे."

तो तिच्याकडे बघत उभा राहिला. हौसाबाई दाराला पाठ लावून बसली होती ती हलली नाही. तेवढ्यात परशुरामाने आरती सुरू केली आणि दत्तारामाला वळावं लागलं. आरतीचं तबक फिरत फिरत तिच्यापुढे आलं.

"माजे हात बरे नाय," ती म्हणाली. "फुडे व्हर."

कपाळावर कुंकू होतं. ते आपलं आता नाही, हे त्या गर्दीत तिला एकटीला ठाऊक होतं. तबक पुढे गेलं. गणपती हलला, झांजांचा आवाज पाणंदीने खाडीकडे उतरत गेला. ती कान देऊन बसली. शेवटचा गजर होऊन सगळं थांबलं तशी ती उठली. पाय बधिर झाले होते.

माणसं ओल्या धोतरांनी परतली. पाटावर खाडीची वाळू होती. परशुरामाने पाट ठेवेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "दत्ताराम, भाईक बग जरा."

परशुराम पुढे झाला होता. दत्तारामाने त्याला हाताने मागे सारलं आणि तो एकटाच आत गेला. त्याने चादरीखाली पावलाला हात लावला. पाऊल गार होतं, ताठ होतं. त्याने हौसाबाईकडे बघितलं. तिने नजर खाली केली नाही.

दत्ताराम दारात आला. माजघरात अकरा घरांची माणसं होती, त्यात अक्काही होती.

"गेले," तो म्हणाला. "आताच. माज्या हातात गेले. गणपती पोचासर थांबलेले."

मग हौसाबाई रडली.

पुढे वाडीत हेच चाललं. नव्या सुनेची भिंत बघत भाई देवासाठी थांबले, असं अक्काच सांगे. दुसऱ्या साली पोपटी भिंतींना फोड आले तेव्हा भावकी सुनीतीला बोलवायला आली, आणि तिने पहिली भिंत दत्तारामाची केली.

गंगाराम, म्हणजे भाई, ८ सप्टेंबर १९८६ रोजी, ऋषिपंचमीला, सोमवारी दुपारी दोनच्या आधी वारले.