देवकीची आवणी

"अगो, पाणी टाकू नको आता. मेली ती," महिपत बांधावरून म्हणाला.

देवकीने नवऱ्याचं ऐकलं नाही. कळशी रिकामी करून ती परत बोअरकडे निघाली. पेरणीच्या सरींनंतर पाऊस गायब झाला होता आणि भाताची रोपं शेंड्याकडून करपत चालली होती. वर्षाचा भात या एवढ्याशा वाफ्यावर. ही रोपं गेली तर आवणीला चिखलात लावणार काय, कपाळ?

"तहानली हायेत ती. पाणी नाय तर काय चहा पाजू?"

"रोज पाजतेस नि रोज जास्त पिवळी होतात. दिसत नाय तुला?"

दिसत होतं. म्हणून तर ती चिडली होती. खाली बसून तिने एक रोप उपटलं. मुळं तांबूस, आखूड. बोटांना पांढरी भुकटी लागली. राबाची राख, तिला वाटलं. शेणी, पाचोळा, फांद्या पसरून जागा भाजायची नि मग पेरायचं, ही इथली रीत. वाफ्यात पांढरं दिसलं तर इथलं कोणीही राखच म्हणणार. पण राख एव्हाना मातीत जिरायला हवी होती. ही तर वाढतच होती. तिने बोट जिभेला लावलं आणि थू करून थुंकली.

"मीठ हाय वो!"

नदी होळीच्या आधीच आटायला लागली तेव्हा त्यांनी बोअर मारली होती. पाणी लागेना म्हणून खोल, आणखी खोल. लागलं तेव्हा पेढे वाटले. त्या पाण्यावर सगळ्या खाचरांत उन्हाळी भेंडी केली, मुरबाडच्या बाजारात नेली. चहा फाटायचा, तर देवकीने दूधवाल्या जगनलाच फैलावर घेतलं. भेंडीची पानं कडेने जळली, तर ऊन म्हणाले. आणि आता जगवायला म्हणून जे पाणी घातलं, त्यानेच तिने रोपं स्वतःच्या हाताने मारली होती. ती वाफ्यातच बसून मोठ्याने रडली.

पाऊस पुन्हा सुरू झाल्यावर ती टेकडीवरच्या वाडीत लहानीकडे गेली. लहानी वर्षानुवर्षं देवकीच्या शेतात आवणीला मजुरीने यायची. लहानीच्या उतारावरच्या तुकड्यात पेरलेलं बियाणंही देवकीच्याच घरचं, कधीतरी सूपभर मागून नेलेलं.

"रोप उरलं तर दे गो."

"उरलं तर काय? आधी तू ने, वैनी." लहानीने तिच्या डोक्यावर रोपांच्या जुड्या चढवल्यासुद्धा.

महिपतने त्या जुड्या कोपऱ्यातल्या एका खाचरात लावून बघितल्या. पाऊस मीठ धुऊन नेईल, असं त्याचं म्हणणं. पण मिठाने जमीन आवळून गेली होती. पाणी मुरेना, नुसतं तुंबून राहिलं. हिरवीगार आणलेली रोपं पिवळी पडून आडवी झाली. "पुढल्या साली बघू," महिपत म्हणाला नि तोंड फिरवून खिशात बिडी शोधत राहिला.

लहानीचा निरोप आला, अजून जुड्या हायेत, येऊन ने. देवकी गेली. लहानीच्या शेतात बायका चिखलात उतरल्या होत्या.

"जुड्या नको गो. मारायला नेऊ काय?"

"मंग?"

"तुझी आवणी हाय ना? मी लावते."

"तू? माझ्या शेतात?" लहानी गडबडली. "लोक काय म्हणतील, वैनी?"

"लोक येतायत काय लावायला?"

देवकीने साडी खोचली आणि ओळीत वाकली. सासूने जपलेलं, तिने जपलेलं भात ते. कुठेतरी उभं राहत होतं एवढंच. हात भराभर चालत होते. डोळ्यांतलं पाणी चिखलाच्या हाताने पुसताही येत नव्हतं.

दुपारी भाकऱ्यांची टोपली आली. माणसं आवणीला बोलावली की जिचं शेत तिने सगळ्यांना वाढायचं आणि स्वतः मागाहून जेवायचं. देवकी हात धुऊन सवयीने टोपलीपाशी गेली, वरचं फडकं उचललं. लहानी बाजूला अवघडून उभी. तिने टोपली ओढली नाही.

देवकीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मग तिने ते लहानीकडे दिलं आणि बांधावर, बायकांच्या ओळीत शेवटी जाऊन बसली.

"वाढ गो," ती म्हणाली.