बुटकीची मोजकाठी

मित्रांनो, मागच्या खोलीत फावडी, झाऱ्या आणि रबरी नळ्यांच्या गर्दीत, दाराआड एक काठी उभी आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, कुणाच्या तरी झाडूचा दांडा राहिला असेल. तीच मी. मी एक जुनी मोजकाठी आहे.

सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं, अंगावर लाल-पांढरे पट्टे ओढले आणि पायात लोखंडी टोपण बसवून ताईंच्या हाती दिलं. ताई म्हणजे गावाबाहेरच्या उघड्या टेकडीवर लावलेल्या रोपांची देखरेख करणाऱ्या बाई. पूर्वी त्या टेकडीवर आपोआप उगवणारी आणि मग तोडून तोडून संपलेली झाडं तिथे पुन्हा लावली होती. लावायच्या दिवशी पुष्कळ माणसं आली, फोटो काढून, हात धुऊन गेली. त्या रोपांतलं कोण जगलं आणि कोण किती वाढलं, हे बघायला उरलो ताई आणि मी.

ताई प्रत्येक रोपाशी उकिडव्या बसत, मला बुंध्याजवळ टेकवत आणि शेंडा कुठल्या पट्ट्याला लागतो ते बघत. रोप वाळल्यासारखं दिसलं तर नखाने त्याची साल जराशी खरवडत. आत हिरवं दिसलं की म्हणत, "आहे गं, आहे." हे त्या रोपाला सांगत की मला, कोण जाणे. मी आपलं मलाच समजायची.

कोवळा शेंडा अंगाला टेकला की मला फार बरं वाटायचं. पण रोपं ती, वाढणारच. एकेक करून ती माझे पट्टे चढली आणि माझ्या डोक्यावरून गेली. त्यांच्यासाठी नळीतून नळी निघणारी लांबलचक नवी काठी आली. मला अभिमान वाटायचा, आणि परतताना उगाच रिकामंही वाटायचं.

माझ्यापाशी राहिली एकटी बुटकी. हे नाव माळीकाकांनी ठेवलेलं. मोठ्या खडकाच्या आडोशाला ती जेमतेम माझ्या कमरेइतकी होती आणि तिथेच अडून बसली होती. शेवटी ताईंचे साहेब म्हणाले, "पुढच्या फेरीतही वाढली नाही, तर उपटा आणि तिथे दुसरं लावा. पाणी काही फुकट येत नाही."

पुढच्या फेरीला ताईंनी मला बुटकीशेजारी उभं केलं आणि त्यांचा चेहराच पडला.

"काका, ही मागच्यापेक्षा खाली आलीय."

"खाली? ती काय म्हातारी झाली, कमरेत वाकायला?"

ताईंनी पुन्हा मोजलं. तेच. मग त्यांची नजर माझ्या पायाकडे गेली. मी मातीवर नव्हतेच, मी पाल्याच्या ढिगावर उभी होते.

"काका, हा पाला कुणी घातला?"

"मीच. साहेब असं बोलले, म्हटलं पोरीला जरा ऊब मिळेल, ओल टिकेल."

"अहो, ओल टिकायला पाला हवाच. पण तुम्ही गळ्यापर्यंत पांघरूण घातलंय हो. खोड कुजलं असतं."

काका ओशाळून हसले आणि दोन्ही हातांनी पाला बाजूला सारू लागले. माझा पाय मातीला टेकला. बुटकी वाढली होती.

"किती?" साहेबांनी नंतर विचारलं.

"बोटभर."

"बोटभर म्हणजे काय वाढ झाली, ताई?"

"वाढ ती वाढच, साहेब," ताई म्हणाल्या. बुटकी जागेवरच राहिली.

पुढे ताईंना दिवस गेले. पोट दिसू लागल्यावरही त्या टेकडी चढत, मधेच माझ्यावर भार टाकून दम खात. मग रजेवर गेल्या. जाताना काकांना म्हणाल्या, "बाळ थोडं मोठं झालं की येते. बुटकीकडे बघा."

मी दाराआड उभी राहिले. दार उघडलं की माझ्यावर उजेडाची एक तिरीप पडायची आणि माझी आशा जागी व्हायची. झारी जायची, फावडं जायचं, मला कुणी नेत नसे. मित्रांनो, त्या दिवसांत मी मनात म्हणायची, बुटकी वाढू दे. आणि त्याच दमात म्हणायची, पण माझ्याहून उंच नको होऊ दे. तिच्याशिवाय आता मी कुणाला लागत होते?

एके सकाळी ताई आल्या. डोळे जागरणाचे, खांद्यावर बाळाच्या दुधाचा डाग. त्यांनी मला पदराने पुसलं आणि टेकडीवर नेलं. बुटकीच्या बुंध्याशी माझा पाय टेकला. तिची पानं माझ्या अंगाला लागली, शेंडा मात्र लागेना. ताईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग हळूहळू तो वर नेला.

"काका, पट्टे संपले हो."

"घ्या. आता बुटकी म्हणायचं कुणाला?"

ताई हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मलाही तसंच झालं, फक्त मला पुसता येत नाही.

तेव्हापासून मी इथे आहे. वारा सुटला की वाटतं, ती आता कुठवर गेली असेल, तिला माझी आठवण होत असेल का. माझा एकुलता पाय चालत नाही, मी जाऊ शकत नाही. तुमचे चालतात. म्हणून सांगते, मित्रांनो, तुम्ही कधी एखादं रोप लावलं असेल, तर त्याच्याकडे पुन्हा जा. काठी नसली तरी चालेल. शेजारी उभे राहा आणि ते कुठवर आलं ते बघा, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, खांद्यापर्यंत. आणि ते तुमच्या डोक्यावरून गेलं, तरीही जायचं थांबू नका.