पिवळ्या पंखाच्या मुळाशी

गुरुवार, दिनांक १३ नोव्हेंबर २०२५. स्थळ : मौजे कोल्हार, जिल्हा अहिल्यानगर, शाळेची प्रवरेच्या बाजूची कुंपणभिंत.

या भिंतीवर गावात आढळणारी फुलपाखरे रंगवून झाली होती आणि प्रत्येकाखाली त्याचे नाव ठळक अक्षरांत उमटले होते. अपवाद एकच. गावात जे सर्वांत अधिक संख्येने उडते आणि ज्याच्यामागे प्रत्येक मूल कधी ना कधी धावलेले असते, त्या लहानशा पिवळ्या फुलपाखराखालची जागा तेवढी कोरी होती. उद्या सकाळी भिंतीचे उद्घाटन होते, आणि रंगारी आज संध्याकाळीच सामान आवरून सुप्याच्या कामावर जाणार होता.

कारण असे, की नावाविषयी वाद उपस्थित झाला होता. एका रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागातून निवृत्त झालेले एलिया साळवे यांनी भर ग्रामसभेत सांगितले होते, की हे 'सामान्य गवती पिवळे' होय. भिंतीच्या समितीतील कारभारी नावाच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तत्काळ मोबाईल पुढे केला. त्यातील ॲपच्या मते ते 'तीन ठिपक्यांचे गवती पिवळे' होते. या दोन जाती जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. त्यांना वेगळे करणारी खूण पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूस, अगदी मुळाशी असते : सामान्य जातीला तेथे दोन ठिपके, दुसरीला तीन.

निवाड्यासाठी फोटो कोपरगावला, महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या रोहिणीमॅडमना पाठवण्यात आला. त्यांचे उत्तर आले, "फुलपाखरू पंख मिटून बसलंय. मागचा पंख पुढच्या पंखाच्या मुळावर आलाय, ठिपके झाकले गेलेत. ठिपके दाखवा, मी नाव सांगते. तोवर नुसतं 'पिवळे फुलपाखरू' लिहा."

एलियांना हे झोंबले. "रेशनकार्डावर नुसतं 'माणूस' लिहिलेलं चालतं का?" असे विचारून ते थांबले असते तर बरे झाले असते, पण त्यांनी पुढे असेही सांगून टाकले, की हे नाव सिद्ध झाले नाही तर आपण समितीत राहणार नाही. कारभारींनी ते वाक्य मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून ठेवले होते. भिंतीची मूळ कल्पना एलियांची होती. तिच्या उद्घाटनाला परक्यासारखे रस्त्याच्या कडेला उभे राहावे लागेल, हा विचार त्यांना सहन होत नव्हता.

फुलपाखरू जाळीत धरून पंख उघडून पाहणे सोपे होते. परंतु जिवंत फुलपाखराला हात लावायचा नाही, हा नियम एलियांनीच शाळेतल्या मुलांसमोर घालून दिला होता. उरला फोटो, आणि फोटोसाठी डॅनी, गावातील फोटो स्टुडिओचा मालक, ज्याच्या कॅमेऱ्यासमोरून निम्म्या तालुक्याची लग्ने गेली होती.

सकाळ चर्चच्या बागेत वाया गेली. झेंडूवर पिवळी फुलपाखरे क्षणभर टेकत आणि उडून जात. दरवेळी डॅनी ऊन पाठीशी घेऊन जागा धरी, आणि तोवर समोर केवळ झेंडू उरलेला असे.

"काका, नवरी हार घालायच्या वक्ताला तरी थांबती," तो म्हणाला. "हे पाखरू मंडपातून पळून चाललंय."

"फुलावर ते घाईतच असतं. ओल्या, खारट मातीवर मात्र निवांत बसतं," एलिया म्हणाले. "चल, टोळीच्या अड्ड्यावर."

ऊसतोड टोळी नदीकाठी उतरली होती. बैल दावणीला बांधलेले होते आणि त्यांच्या मुताने भिजलेल्या जमिनीवर पिवळ्या फुलपाखरांचा थवा पंख मिटून, सोंडा मातीत खुपसून बसला होता. डॅनी ऊन पाठीशी घेऊन ओणवा झाला. कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, दाराशी भाकरीचे पीठ मळणारी बायडाबाई हात थांबवून पाहू लागली.

"ओ बाबा, बैलाच्या मुताचा फोटू कशाला काढायलेत?"

"फुलपाखराचा हाय, मावशी. नाव लिहायचंय त्याचं," डॅनी म्हणाला.

"त्याला नाव न्हाई व्हय?"

"हाय. पण कारभाऱ्याला पटत न्हाई."

"मग कारभाऱ्याचा काढा," असे म्हणून ती पुन्हा पिठाकडे वळली.

फोटो देखणे आले. रेघ न् रेघ स्पष्ट, पण प्रत्येकात मागचा पंख पडद्यासारखा मुळावर ओढलेला. इतक्यात मोटारसायकलचा आवाज आला. ती बैलांपासून दूर उभी करून कारभारी पुढे आले.

"एलियाभाऊ, रंगारी ब्रश धुवायला लागलाय. राजीनामा लेखी देता का तोंडीच?"

एलियांचे लक्ष त्यांच्याकडे नव्हते. त्यांच्या समोर, कलत्या उन्हाच्या बाजूला, कडेला खाच पडलेले एक फुलपाखरू नुकतेच उतरले होते. त्याचे मिटलेले पंख आरपार उजळले होते आणि त्या उजेडात काही काळसर खुणा तरंगत होत्या. असे उजळणे त्यांनी सारी नोकरीभर प्रकाशपेटीवर पाहिले होते.

"डॅनी, इकडं ये. उन्हाकडं तोंड करून काढ."

"काका, उन्हाकडं तोंड केलं की नवरी काळी येती. लोक अल्बम माघारी आणून देतात."

"मला हिचा चेहरा नको, आतलं पाहिजे. एक्सरेची फिल्म तू पाठीवर ऊन घेऊन बघतोस का खिडकीला धरून?"

डॅनीने अंगावरच्या कोऱ्या शर्टाकडे आणि ओल्या जमिनीकडे आळीपाळीने पाहिले. बायडाबाईने न सांगता एक गोणपाट फेकले. तो त्यावर पालथा झाला आणि त्याने बटण दाबले.

"आता ह्याच पाखरावर नजर ठेव," एलिया म्हणाले. "वळसा घालून पलीकडं जा, आणि ह्याचाच एक फोटो तुझ्या पद्धतीनं काढ. ऊन पाठीशी घेऊन."

"आत्ता तर म्हनला, चुकीची हाय ती पद्धत."

"एकटी चुकीची आहे. जोडीनं लागणार आहे."

सुदैवाने फुलपाखरू मातीत रमले होते. दोन्ही फोटो मिळाले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पहिला मोठा करून पाहताच कारभारींनी आक्षेप घेतला.

"ह्याच्यात तर ठिपक्यांचा बाजार भरलाय. मागच्या पंखालाबी ठिपके असतात, मी वाचलंय. कुठला कोणाचा, कसं सांगणार?"

"हरकत योग्य आहे," एलिया म्हणाले, आणि त्यांच्या आवाजाला आता धार आली होती. "म्हणून तर दुसरा काढला. पाखरू तेच, खाच तीच. ह्या दुसऱ्यात ऊन समोरून पंखावर पडलंय, आरपार आलेलं नाही, म्हणजे दिसतात ते फक्त मागच्या पंखाचे ठिपके. पहिल्यात दोन्ही पंखांचे दिसतात. आता जे पहिल्यात आहेत आणि दुसऱ्यात नाहीत, ते झाकलेल्या पंखाचे. तुम्हीच मोजा. मी बोट लावत नाही."

कारभारींनी चष्मा कपाळावर नेला, कॅमेरा डोळ्यांजवळ धरला, पहिल्यावरून दुसऱ्यावर गेले, पुन्हा पहिल्यावर आले.

"पाठवा मॅडमला," अखेर ते म्हणाले. "मी काय सांगत न्हाई."

"सांगूही नका. रंगाऱ्याला तेवढं थांबवा."

कारभारींनी खरोखरच रंगाऱ्याला फोन लावला, आणि ब्रश परत ओला करायला सांगितले. डॅनीने दोन्ही फोटो कोपरगावला पाठवले. मग तिघेही बैलांकडे पाहत उभे राहिले; एलिया सर्वांत ताठ.

फोन वाजला. एलियांनी तो स्पीकरवर टाकून सर्वांच्या मध्ये धरला. भाकरी तव्यावर टाकून बायडाबाईही जवळ आली.

"दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले," रोहिणीमॅडम म्हणाल्या. "झाकलेल्या पंखाच्या मुळाशी दोनच ठिपके आहेत. हे सामान्य गवती पिवळे आहे. एलियाकाकांचं बरोबर आहे, नाव लिहून टाका."